टाकीवर लिहिलेली क्षमता

टाकीवर निळ्या रंगात लिहिलंय :
क्षमता पन्नास हजार लिटर.
खाली योजनेचं नाव, वर्ष,
ठेकेदाराचं नाव कुणीतरी खरवडलेलं.

माझ्या टॅबमध्ये एकशे बारा प्रश्न.
नाशिकहून पेठ, पेठहून जीप,
मग घाट उतरून पायी.

"भाऊसाहेबांकडं तीन गावं," मंगळू भोये म्हणाला,
"आमचा मंगळवार. आज गुरुवार."
डिजिटल सहीचं डोंगल भाऊसाहेबांच्या खिशात,
म्हणजे पंचायतीची सही या घटकेला
करंजाळीच्या रस्त्यावर, मोटारसायकलवर.

सरपंच इंदूताई दिंडोरीला, द्राक्षाच्या कामावर.
मोहाच्या झाडाखाली रेंज येते, तिथून फोन लावला.
प्रश्न सतरा : आपण निर्णय स्वतंत्रपणे घेता का?
मागे क्रेट आपटल्याचा आवाज.
"घेते की. पैसे तेवढे बंधित येतात."
मग, "मुकादम बघतोय," आणि फोन बंद.

संगणक आहे का? आहे.
प्लास्टिक काढलंय का, हे कुणी विचारलेलं नाही.

एक ते पाच, एक ते पाच.
मी दोनवर बोट ठेवत गेलो.
दोन सुरक्षित असतो. वर कुणी फोन करून विचारत नाही.

संध्याकाळी मंगळूनं टाकीला बोटाच्या पेरानं टकटक केली,
खालून वर, कलिंगड बघावं तशी.
एका जागी आवाज पोकळ झाला.
"इथवर आहे," म्हणाला. गुडघ्याच्या थोडं वर.

त्याच्याकडे शंभर पानी वही.
वरचा पाडा साडेसात आटे.
शाळा दोन, सुट्टीत शून्य.
गावितांकडे बाळंतीण, अर्धा आटा जास्त, सव्वा महिना.
एका पानावर नुसतं : भांडण. कोणाला नाही.

या वहीला माझ्याकडे रकाना नव्हता.
'इतर' होतं. त्यात वीस अक्षरं बसतात.

"पगार?" मी विचारलं, प्रश्नावलीबाहेरचं.
"सात महिने. तुमचा?"
"तीन."
तो हसला नाही. पान्हा माझ्या हातात दिला.
"मोजणारे तुम्ही ना? मोजा."

आटे जड होते, गंजानं.
एक. दोन. तीन.
तो ओणवा, कान पाइपला.
सहा. सात.
"आता हळू," म्हणाला,
"वरच्या बायांनी हंडे लावलेत."