लाटेचा न

कोर्टाच्या उतारावर आम्ही नऊ जण बसतो.
छत्री, स्टूल, टाइपरायटर, गुडघ्यांवर घोंगडं.
ला पाझची थंडी आधी बोटांना गाठते,
मग बाकीच्या माणसाला.
मी सिल्वेरियो. सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय:
घटस्फोट, वारसा, हरवलेलं ओळखपत्र,
शेजाऱ्याने रात्रीत सरकवलेली भिंत.

मे महिन्यात दहावी आली. बासिलिया.
तिचं सगळं दुकान एका पिशवीत,
वजन दोन पावांएवढं.
एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
घासाघीस करून घेतलेला टॅब्लेट,
कोपऱ्यात बारीक तडा, म्हणून आणखी स्वस्त.
कीबोर्ड लोहचुंबकाने चिकटतो, ओढला की सुटतो.
खट्.
"मोडला वाटतं," मी म्हणालो.
बाकीचे आठ हसले.

तिने पडदा गिऱ्हाइकाच्या हातात दिला,
कीबोर्ड मांडीवर घेतला आणि म्हणाली, "सांगा."

हे नवीन होतं.
माझ्याकडे माणूस बोलतो, मी बडवतो,
कागद बाहेर येतो, तो पैसे मोजतो.
त्याचं दुःख मी कोणत्या शब्दांत कोंबलं
ते त्याला घरी जाऊन, कुणाकडून वाचून घेऊन कळतं.
तिच्याकडे माणसं मध्येच हात वर करायची.
"असं नको. 'मारायचा' नको लिहूस.
'मारतो' लिही."
ती मागे जायची, आणि लिहायची.
माझ्या यंत्रात मागे जायचं
म्हणजे कागदाला भोक.

पण ते यंत्र दुसऱ्याच कुठल्या भाषेसाठी घडलेलं.
त्यात आमचा लाटेचा न नव्हता.
हसू नका. डोक्यावरची लाट काढली
की आमच्याकडे 'वर्ष' या शब्दाचं जे होतं
ते माणसाच्या बसायच्या जागेचं नाव आहे.
'चार वर्षं वाट पाहिली' म्हणून अर्ज द्यायचा
आणि कारकुनाने तो खिडकीतून
अख्ख्या रांगेला वाचून दाखवायचा.

दोन्या हुस्ता तिकोन्याला वाचता येत नव्हतं.
पडदा तिने रंगीत फडक्यात धरला, तान्ह्यासारखा,
आणि अक्षरं येताना बघत राहिली.
मग एका जागी बोट ठेवलं.
"हे माझ्या पोराचं नाव नव्हे.
त्याच्या नावावर इथे एक गांडूळ असतं.
खाणीच्या फाटकावर यादी लावली होती.
तीन दिवस मी त्या यादीपुढे उभी होते."

उतारावर कुणाचंच यंत्र वाजेना.

बासिलियाने समोरच्या दुकानातून कागद छापून आणला
आणि माझ्यापुढे धरला. बोलली काही नाही.
मी तो रुळात घातला, ओळ जुळवली, श्वास धरला,
आणि प्रत्येक सपाट न वर लाटेचा न ठोकला.
अकरा वेळा. एक जरा तिरपा बसला.
म्हातारीने नेमकं त्याच्यावरून बोट फिरवलं.
"चालेल," म्हणाली. "तोही असाच चालायचा."

मजुरी म्हणून बासिलियाने आपी पाजली,
जांभळी, दालचिनीची, जीभ भाजणारी.
तेव्हापासून तिचे कागद माझ्या रुळातून जातात.
बाकीचे आठ आता हसत नाहीत; आपी मागतात.

परवा ती चार्जिंगची वायर शोधायला गेली,
कीबोर्ड काखेत, पडदा माझ्याकडे ठेवून.
सहज टेकलो तर काचेवरच अक्षरं उगवली.
न वर माझं बोट नुसतंच राहिलं,
थंडीने आखडलेलं, उचलेना,
आणि त्या न च्या बाजूला दुसरा एक उगवला,
डोक्यावर छोटीशी लाट घेऊन.

मी इकडेतिकडे पाहिलं.
पुसून टाकलं.

ती आली. खट् करून जोडलं.
दुपारी छापलेला कागद माझ्यापुढे धरला.
"किती?"
"तीनच आहेत आज," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे न बघता
आपी आणायला निघाली.
मी रूळ फिरवला.