पासंग

शुक्रवारी सहाला मी त्या दिवाणावर आडवी होते.
दिवसभर बोएदोतल्या खाटकांचे काटे तपासलेले असतात:
पाच किलोचं पितळी वजन, मखमली पेटीतलं,
हातमोजा घालूनच उचलायचं,
बोटाचा घामसुद्धा त्याला जड होतो.
मापात पाप करणाऱ्यांना पकडणं, ही माझी नोकरी.

डॉक्टर वाइनफेल्ड डोक्यामागे बसतात.
दिसत नाहीत. वहीचं पान उलटतं, तेवढंच ऐकू येतं.
अकरा वर्षं. फी दर महिन्याला वाढते,
पेसो दर महिन्याला हलका होतो.
ब्वेनोस आइरेसमध्ये एवढं एकच नातं
मला छातीठोकपणे सिद्ध करता येईल.

पहिल्याच वर्षी त्यांना आठवण सांगितली होती:
बाबा मासळीच्या तराजूपाशी,
अंगठा पारड्याच्या कडेवर, इतका अलगद
की माशी बसावी.
आणि मी, पाच वर्षांची, पारड्याच्या उंचीची, बघतेय.
(पुढच्याच वर्षी बाबा गेले.)
ते म्हणाले, "म्हणून तुम्ही निरीक्षक झालात, नेलिदा.
शहरभर तोच अंगठा शोधताय."
त्या रात्री मी गाढ झोपले. नखं खाणं सुटलं.

पण धंदा हाडीमासी.
मी म्हटलं, "हे पटत नाही."
ते म्हणाले, "हा प्रतिकार."
पुढच्या शुक्रवारी म्हटलं, "पटलं."
ते म्हणाले, "बघा."
पिसं ठेवा नाहीतर शिसं,
एकाच बाजूला झुकणारा काटा
दुकानात दिसला असता
तर तिथल्या तिथे सील ठोकलं असतं.

मग वाचनालय. तिथे माते नेऊ देत नाहीत,
तहानलेलीच संशोधनं चाळत बसले.
नीटनेटकेपणा, चिक्कूपणा, हट्ट:
तिन्ही एकाच माणसात नांदतात, असं दिसतं खरं
(माझी बहीण ओर्तेन्सिया. पुरावा क्रमांक एक).
पण लहानपणी कुणाला पॉटवर किती सक्तीनं बसवलं
तिथपर्यंत जाणारा धागा
शोधणाऱ्यांच्या हाती फारसा लागलेला नाही.
आपल्या मनातलं आपल्यालाच ठाऊक नसतं, हे मात्र टिकतं,
पुन्हा पुन्हा तोलूनही.
बोलून लोक बरे होतात, हेही.
नुसते यादीत नाव लावून थांबलेलेही थोडे होतात.
आणि काट्याला चापट मारली की कधी कधी तो नीट दाखवतो;
म्हणून बिघाड काय होता
ते चापटीला कळलेलं नसतं.

मार्चमध्ये रोसारिओला गेले, एर्सिलिया आत्याकडे.
नव्वदीची. कान गेलेले, आठवण लख्ख.
"तुझा बाप? मासळी?" हसता हसता तिला ठसका लागला.
"तो बर्फ विकायचा गं. लाद्या. मोजून, तोलून नाही.
तराजू कुठून आणणार?
मासळीवाला तो शेजारचा, दोन बायकांचा."

परतीच्या बसमध्ये रात्रभर हिशेब:
आठवण खोटी. अर्थ खोटा.
झोप खरी. नखं, ही बघा, खरी.
कुठल्या पारड्यात काय ठेवायचं?

शुक्रवारी सगळं सांगून टाकलं.
मागे बराच वेळ काही नाही. पेनाचं टोपण लागलं.
काटा स्थिरावेपर्यंत बोलायचं नसतं, मी बोलले नाही.
"मी चुकलो असेन," ते म्हणाले.
अकरा वर्षांत हे वाक्य या खोलीत आलं नव्हतं.
आणि लगेच, सवयीनं,
"पण तो अंगठा वडिलांचाच असावा, असं का वाटलं तुम्हाला?"

मी हसले. दिवाणाच्या स्प्रिंगा हसल्या.

जुन्या तराजूच्या एका पारड्याखाली
लाखेचा गोळा चिकटवलेला असतो: पासंग.
दांडी मुळातच वाकडी, ती सरळ दिसावी म्हणून.
आधी तो मोजायचा, मग बाकीचं.

घरी येताना आठवलं,
जानेवारीच्या उकाड्यात बाबा
बर्फाचे ओले हात माझ्या गालांवर ठेवायचे.
आत्या बोलली म्हणून आठवलं,
की होतंच कुठेतरी?
वाइनफेल्डना सांगण्याआधी
तिला फोन करायला हवा.