गुडघ्याचं पान

नातालीन मावशीच्या वेबसाइटवर
पाय उघडायला अकरा सेकंद लागायचे.
डावा तर कधी कधी उघडायचाच नाही.
फोटो जड आहेत, मी म्हटलं.
"सुजला की पाय जडच होतो," ती म्हणाली.

चिंबईच्या गल्लीत तिचं घर.
पुढच्या खोलीत पितळेचे साचे, मागे मेणाचं पातेलं,
मधे, सुकटीच्या वासात, माझा लॅपटॉप.
हात, पाय, डोळ्यांची जोडी, पोट, काळीज,
तान्हं मूल, बैठं घर:
नवसाला लागतं ते सगळं
चाळीस वर्षं ती मेणात ओततेय.
डाव्या पायाच्या साच्याला सासऱ्यांच्या काळापासून चीर आहे,
म्हणून प्रत्येक डाव्या पायावर एक बारीक उंचवटा येतो.
तो ती नखाने खरवडते,
फुंकर घालते,
मगच पाय उभा करते.

मी पांढरं कापड अंथरलं, दिवे लावले, फोटो काढायला घेतले.
तिसऱ्या फोटोत करंगळी वाकली.
दिव्याची धग.
"राहू दे. अशाही असतात लोकांच्या."

मग आमची भांडणं सुरू झाली.

मी म्हटलं, खाली एक पट्टी टाकू:
काळीज घेणाऱ्यांनी पोटही घेतलं.
तिने झारा खाली ठेवला.
"आलेल्या माणसाला आणखी एक दुखणं
आपण सुचवायचं?"
पट्टी गेली.
दोन गुडघ्यांवर दहा टक्के सूट, तीही गेली
(गुडघे दोन्ही एकदमच जातात, हे तिलाही मान्य होतं).
पाच ताऱ्यांचं विचारलं तर म्हणाली,
"गुण आला तर माणूस मोत माउलीला जाईल,
तुझ्या ताऱ्यांकडे कशाला येतोय?"
'माल परत घेण्याबद्दल' या मथळ्याखाली
तिने सांगितलेलं मी जसंच्या तसं टाकलं:
मे महिन्यात नागपूरला घर पाठवत नाही.
एकदा पाठवलं होतं.
पोचलं तेव्हा त्याला दार नव्हतं.

फोटो हलके केले. पाय आता दोन सेकंदांत उघडतात.
फोन नंबर वर घेतला, ठळक केला.
महिनाअखेरीला आकडे घेऊन बसले.
बघ, एकशे सत्तर माणसं गुडघ्यापर्यंत आली,
पिशवीत टाकला, पत्तासुद्धा लिहिला,
आणि पैसे भरायच्या पानावरून मागे फिरली.
इथेच गळती आहे, मावशी. इथे काहीतरी करायला हवं.
ती मेण ढवळत होती.
"मागे फिरली ना?
मग उतार पडला असेल."
मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

शोधाच्या चौकटीत लोक काय लिहितात, तेही दाखवलं.
थायरॉईड. झोप. मुलाचा फोन.
जामीन.
भाडेकरू जावा.
"थायरॉईड कसा दिसतो?"
फुलपाखरासारखा, मी शोधून सांगितलं.
"होईल," म्हणाली.
बाकीच्यांवर ती बराच वेळ बोट ठेवून होती,
पडद्यावर मेणाचा ठसा उमटला.

शेवटची ओळ मी वाचणार नव्हते.
परवा रात्री तीन वाजता कुणीतरी
'घर' या पानावर चाळीस मिनिटं होतं.
काही घेतलं नाही. दुसऱ्या पानावर गेलं नाही.

मावशीने गॅस बंद केला.
"दुकानात कुणी इतका वेळ उभं राहिलं असतं
तर मी स्टूल दिलं असतं," ती म्हणाली.
"त्या पानावर ठेवता येतं का एक?"

बघते, मी म्हटलं.
पातेल्यातल्या मेणावर साय धरायला लागली होती.