येणे बाकी

बेळगुंदीच्या यात्रेची वही माझ्याकडे आहे.
उभ्या रेघा मीच मारल्या, पट्टी सापडेना म्हणून
पासबुकाच्या कडेनं.
घर. कर्ता. वर्गणी. दिले. येणे बाकी.

एकवीस वर्षांनी लक्ष्मी गदगेवर बसणार.
वर्गणी सगळ्यांना सारखी नाही.
सोळा एकरवाल्याला वेगळी, दोन गुंठेवाल्याला वेगळी,
पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना फोन करून, दोनदा.
ज्याच्याकडं रोकड नाही तो माणूस देतो
मांडवाला, पाण्याला, रात्रीच्या गस्तीला.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
असलाच हिशेब मी जगाचा बघून आलोय.

तिकडं, तांबड्या मातीच्या त्या देशात
निळी टोपी घालून मी वर्षभर स्टोअर सांभाळलं.
दर तीन महिन्यांनी एक तपासनीस यायचा,
उंच, घामेजलेला, हातात यादी.
जनरेटर: चालू की बंद?
वॉश बेसिन: किती माणसांमागं किती?
तंबू, पाण्याची टाकी, चिलखती गाडी.
चालू असेल त्याचं भाडं, बंद असेल त्याचं नाही.
एकदा तो फाटकात आला आणि आमची गाडी सुरू होईना,
तर भरमाण्णा मागून खांदा लावत ओरडला,
"भाडं बुडूलालंय की वो हवालदारसाब, ढकला!"

आमचंही भाडं होतंच.
डोक्यामागं, महिन्याला, ठरलेल्या दरानं,
सुभेदाराला आणि शिपायाला एकच.
ते आमच्या हातात यायचं नाही, सरकारला मिळायचं.
दूर कुठंतरी काचेच्या इमारतीत
देशादेशांवर वर्गणी बसायची,
श्रीमंताला जास्त, गरिबाला नावापुरती.
ज्यांची वर्गणी मोठी त्यांची पोरं मला तिथं फारशी दिसली नाहीत.
जी दिसली ती ढाक्याची, काठमांडूची, किगालीची,
आणि आम्ही दोघं बेळगुंदीचे.
तक्रार नाही. गावातही सोळा एकरवाला
गस्तीला येत नाही,
बॅटरीचे सेल तेवढे पाठवतो.

पण मोठ्यांची बाकी राहायची.
साहेब सांगायचे, न्यूयॉर्कला पैसे पोचले नाहीत अजून,
डिझेल जपा.
जपलं.
त्या मंगळवारी पुलावर
दोनाच्या जागी एकच गाडी गेली.

महिन्याच्या पत्रकात भरमाण्णाचे अकरा दिवस भरले.
बाराव्यापासून नाव नाही.
खाडाखोड नाही. टायपिंग स्वच्छ.

परवा कमिटीत ठरलं, त्याच्या आईला वर्गणी माफ.
मी तिच्या ओळीवर आडवी रेघ मारली.
शाई वाळायच्या आत कुणीतरी तिला सांगितलं असणार.

आली. हाताला रताळ्याची माती,
मार्केटची हमाली-तोलाईची चिठ्ठी अजून कमरेला.
"माझं घर पुसूलालास काय रे, ओमाण्णा?"
पदराची गाठ सोडून नोटा मोजल्या,
वर पाच-पाचची तीन नाणी.
मी रेघेच्या डोक्यावर तिचं नाव पुन्हा लिहिलं.
गिचमिड झालं. झालं तर झालं.

दारात थांबली.
"आणि त्येंनी दिले काय रे?
त्ये मोठे लोक. बाकी हाय म्हणत हुतास
ट्रंक आणलास तेव्हा."

मला ठाऊक नव्हतं.
कुणाला विचारायचं तेही ठाऊक नव्हतं.
मी पावती फाडून तिच्या हातात दिली.

ती गेल्यावर बघतो तर
कार्बन उलटा घातलेला.
तिचं नाव तिच्याच पावतीच्या पाठीवर उमटलं असेल,
आरशात दिसावं तसं.
माझी प्रत कोरी.