डावीकडे खोल

बेलर मोडीत काढला तेव्हा मूठभर बोल्ट मी ठेवून घेतले,
करंगळीहून जरा जाड, गंजाने तांबूस.
शान म्हणाला, बफलो गावात दुकान आहे ना,
शंभर ठसे मिळतात, चकचकीत, डबीत रांगेने बसवलेले.
मिळतात.
आइताचा नाही मिळत.

बापाला आम्ही आइता म्हणायचो, आईला अमा.
बास्क घरातले एवढेच शब्द वायोमिंगच्या वाऱ्यात टिकले.
आइताचा ठसा मेंढीच्या खुराचा :
दोन पाकळ्या, मध्ये फट, टाचेशी मोहरीएवढा ठिपका.
अवजार कुठे गेलं, कुणालाच ठाऊक नाही.
राहिलंय एक खोगीर.
मांडीखालचे खूर बसून बसून पुसले गेलेत.
रिकिबीच्या पट्ट्याखाली, जिथे ऊन पोचलं नाही,
तिथे अकरा शाबूत.

त्यातल्या एकाला साबण चोळून
मी मेणबत्ती ओघळू दिली.
गार झाल्यावर नखाने उचलली, आणि बोटावर आलं
बाइगोरीहून सोळाव्या वर्षी आलेल्या पोराचं
पहिल्या हिवाळ्यातलं अवजार,
मेणाचं. घट्ट धरलं तर मोडेल असं.

बोल्ट शेगडीत लाल केला, रात्रभर राखेत झोपवला.
सकाळी कानशीचं ऐकायला लागला.
डोकं सपाट. करवतीने फट.
मग त्रिकोणी कानस, मग गोल, मग नुसता
पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर.
चामड्यावर जे उभं राहायला हवं
ते लोखंडातून काढून टाकायचं.
हे डोक्याला लगेच कळलं,
हाताला कळेस्तोवर दोन बोल्ट गेले.
पुन्हा आग. तेलात चर्र.
पुन्हा तव्यावर मंद ऊब,
गव्हाच्या काडाचा रंग चढेपर्यंत.

ओलवलेलं चामडं गालाला लावलं.
गार लागतं पण ओलं लागत नाही, तेव्हा मारायचं.
मोगरी उचलली.
ठक्.

खूर उमटला. पाकळ्या त्याच, ठिपका तिथेच.
पण आइताचा खूर डावीकडे खोल,
उजवीकडे नुसता टेकलेला. अकराच्या अकरा.
जणू मेंढी उतारावर उभी आहे.
माझी मेंढी सपाट.

शान म्हणाला, घोड्यावरून पडून त्याचा खांदा निखळला होता ना.
शेजारची इंगेबोर्ग म्हणाली, डावरा असेल.
मी मनगट वाकवून पाहिलं, डाव्या हाताने पाहिलं,
शेवटी चिडून ठशाचं तोंडच तिरकं घासलं,
तर कड चामडं कापून गेली.
तिसरा बोल्ट.

चौथा घासताना कानस निसटली, टेबलाखाली गेली.
वाकले.
टेबलाच्या उजव्या पायाखाली
कागदाची जाड घडी, कित्येक पदरांची, काळी पडलेली :
आइता गेला त्याच्या पुढच्या वर्षाचं
पशुखाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर.
अमा याच टेबलावर जॅमच्या बाटल्या भरायची.
बाटल्यांना सपाटी लागते.

घडी ओढली. टेबल उजवीकडे खचलं,
कॉफीचा मग सरकत कडेला आला, धरला.
चौथा ठसा उभा धरला, ओळंब्यासारखा,
मनगट न वाकवता, खांद्याला काहीही झालेलं नसताना.
ठक्.

शानला लगेच फोन केला नाही.
आधी रिकिबीचा नवा पट्टा पुरा केला,
एकोणीस खूर, सगळे उतारावर.

मग कॅलेंडर उलगडलं. मे महिन्यात अमाचं अक्षर :
लोकर विकणे. दात. टेबल.
दातांपुढे काहीच नाही.
टेबलावर फुली.

घडी होती तशी घालून परत पायाखाली सरकवली.
सोमवारी गिऱ्हाईक येणार आहे,
त्याचे पट्टे माझे आहेत.