नांदगिरीच्या पोटात

धुमाळवाडीत मोटरसायकल लावली तेव्हा
नऊ वाजले होते, कातळ तापायला लागला होता.
झोळीत सरकारी तक्ता. सात रकाने:
नाव, गट नंबर, उंची, तट, पाणी,
धर्म, सद्यस्थिती.
गडाला धर्म असतो का
हे कचेरीत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढं सदोबा गुरव. टायरच्या चपला,
हातात तेलाची बाटली.
मागं न बघता बोलतो, त्यामुळं अर्धं बोलणं
वाऱ्याबरोबर सातारारोडच्या रुळांकडं जातं.
माझ्यामागं सांगलीच्या पद्माक्का मगदूम,
सत्तरीच्या, गुडघ्याला पट्टा,
पदराच्या गाठीत अखंड तांदूळ.
पायथ्याला थांबा म्हटलं तर म्हणाल्या,
"मी काय गड बघाय आलेय व्हय?"

दरवाजाच्या अलीकडं
डोंगराला एक तोंड आहे. आत पाणी,
पोटरीभर, मग गुडघाभर,
मे महिन्यातही दात वाजवणारं.
लोखंडी कठडा धरायचा, वाकायचं,
वटवाघळांचा वास गिळायचा आणि चालायचं.
सदोबा म्हणाला, "दिगंबरा, दिगंबरा."
अक्का म्हणाल्या, "निःसही, निःसही."
मी म्हणालो, "सावकाश,"
कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

मग अक्का हसल्या, तशाच पाण्यात उभ्या राहून.
"अरे सदोबा, दिगंबर तर आमचे."
"असू द्या की. आमच्या दत्ताचं बी त्येच नाव."

दिशा ज्याचं वस्त्र
त्याला कुणी आणून ठेवलं इथं,
जिथं एकही दिशा शिल्लक नाही?

आतल्या ओट्यापाशी बॅटरी गेली.
दोनदा थापटली, तिसऱ्यांदा नुसती खुळखुळली.
हात पुढं केला तर बोटांना लागला
फणा. मोजले: एक, दोन, तीन, चौथा झिजलेला,
पाचव्याच्या जागी तेलाचा थर.
शेंदूर की शेवाळ, कळेना.
शेजारी दुसरा दगड. त्याला तीन तोंडं,
किंवा तीन ठिकाणी फुटलेलं एकच.
"नाक नाही याला."
"न्हाई."
"कुणी फोडलं?"
"ज्यो त्यो दुसऱ्याचं नाव घेतो.
माझा आजा म्हणायचा, वीज पडली."
थोडा वेळ पाण्याचाच आवाज.
"गुहेत वीज पडती का,
हे लहानपणी त्याला इचारायचं राहून गेलं."

छतातून थेंब पडत होते,
त्यातला एक नेमका माझ्या कॉलरच्या आत.
अक्कांनी गाठ सोडली.
"तांदूळ पाण्यात पडलं, अक्का."
"पडू दे. मासे आहेत का?"
"बेडूक हाय एक."
"मग त्याला."

वर अक्का आल्या नाहीत, दारात पाय सुकवत बसल्या.
वर मारुती, वाड्यांची जोती, गुडघाभर गवत,
कुणा स्वामींची समाधी,
आणि पिराच्या कबरीवर हिरवी चादर,
उन्हानं पार दुधाळ झालेली.
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार दगड.
एक सरकला होता; सदोबानं वाकून
तो जागेवर ठेवला, तेलकट हात धोतराला पुसून.
"इथली पूजा तुझ्याकडं?"
"न्हाई."
"मग?"
"वारा लई हाय हितं."

तटावर बसून तक्ता भरला.
उंची: ऐकीव. तट: ढासळलेला. पाणी: आहे.
सद्यस्थिती: ओली.
साहेब हा शब्द खोडणार, माहीत आहे.
धर्माच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला,
शेवटी लिहिलं: मागील पान पाहा.
मागच्या पानावर काही नव्हतं,
कागद धरायला दिला होता तेव्हाचा
सदोबाचा एक तेलकट अंगठा.

खाली उतरलो. अक्कांनी विचारलं,
"पायऱ्या किती रे झाल्या?"
त्याच मोजायच्या राहिल्या होत्या.