एक बोट सावळे

दाजी पेठेत दुकान. मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं.
पेन घामानं बोटांतून सटकतो.
समोर नरसय्या येमूल, आधार कार्डावरच्या फोटोएवढे.
दहाव्याच्या आत अठरा बाय चोवीस व्हायचे आहेत.

मुलगा सांगून गेला, "जरा उजळ करा,
हार घातल्यावर बरं दिसतं."
उजळ करणं सोपं असतं.
स्लायडर डावीकडून उजवीकडे जातो,
माणूस कुठे जातो ते दिसत नाही.

मी ड्रॉपर गालावर टेकवला : चौकटीत चिखल.
कपाळावर टेकवला : गार चहावरची साय.
हनुवटीखाली तर चक्क हिरवा,
आमच्या ट्यूबलाइटचा.
एकेकटा रंग कुणाचाच नसतो.
शेजारी शेजारी बसवले
की गाल वळतो, त्याखालचं हाड वर येतं.

एवढं चुकत चुकत शिकलोय :
सावलीत काळा घालायचा नाही,
माणूस राखेचा होतो.
जांभळा घालायचा, वांग्याच्या देठाजवळचा.
कानाच्या पाळीत लाल, उजेड तिथून आरपार जातो.
ओठ जवळजवळ राखाडीच असतात,
हे गिऱ्हाइकाला पटत नाही.

सगळं केलं.
तरी ते नव्हते ते.

संध्याकाळी अंबुबाई आल्या, विड्या मोजून देऊन,
बोटांना तंबाखूचा वास.
तांदूळ निवडताना बघतात तसं स्क्रीनकडे बघितलं.
मग बांगड्या वर सारून
हात काचेला लावला, नवऱ्याच्या गालाशेजारी.
"माझ्यापेक्षा एक बोट सावळे."

मी त्यांच्या हातावरून रंग घेतला,
एक बोट खाली आणला.
त्या काही बोलल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

जरा वेळानं म्हणाल्या, "नखं निळी होती.
लग्नाआधीपासून डाईंगमध्ये.
हळदीच्या दिवशी घासून घासून थकले,
निळ्यावर हळद बसली, हिरवी झाली.
आमच्या बहिणी हसून हसून मेल्या."

फोटोत हात नाहीत. छातीवरच कापलाय.
मी कॅनव्हास खाली वाढवला.
गुडघा, त्यावर पंजा,
टॉवेलच्या गाठी सोडून सोडून जाड झालेली पेरं.

मुलाची उजळ प्रत वेगळी सेव्ह केली आहे.
पैसे तो त्याच प्रतीचे देणार.

तिसऱ्या नखावर लाइट गेली.
इन्व्हर्टर वीस मिनिटं चालतो.
मी चौथं घेतलं.